परक्याच्या पागेंत आपली घोडी

आपली वस्तु दुसऱ्याच्या हातीं देण्याच्या तीन रीति व्यवहारांत प्रमुख आहेत. दान केलें म्हणजे तिजवरील आपला हक्क सुटला. विक्री केली म्हणजे मोल घेऊन सुटला. परंतु ठेव ठेविली म्हणजे हक्क आपला आणि हात मात्र दुसऱ्याचा, अशी स्थिति होते. पहिल्या दोहोंत कलहास जागा थोडी. तिसरींत ती पावलोपावलीं. त्यांतही ठेव सोन्याची असली तर ती पेटींत निजून राहते. गुंजभर वाढत नाहीं कीं गुंजभर घटत नाहीं. परंतु ठेव जिवंत असली, तिला भूक, तहान, आजार व भय हीं सर्व असलीं, आणि तिच्यापासून दुसरा जीव जन्मास यावा एवढ्याचसाठीं ती ठेविली असली, म्हणजे ठेवणाराची आणि सांभाळणाराची खरी कसोटी लागते. गाभण राहण्यासाठीं घोडी दुसऱ्याच्या पागेंत ठेवणें हा व्यवहार असा आहे. आमच्या पुष्कळ वाचकांस तो दूरचा वाटेल. पण खानदेशांत आतां तो तितका दूरचा राहिलेला नाहीं.

तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें दरसाल मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, एकमुखी दत्ताची यात्रा भरूं लागते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. हें गांव १९९८ सालापर्यंत धुळें जिल्ह्यांत मोडत असे. आतां तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. राजस्थान, गुजराथ, पंजाब, उत्तर प्रदेश इतक्या लांबून तेथें जनावरें येतात. मारवाडी व काठेवाडी घोड्यांच्या रांगा लागतात. कोणी पंचकल्याणी पाहतो, कोणी गळ्यावरचा देवमणीचा भोंवरा शोधतो, कोणी चाल पाहतो. पूर्वीं घोडी घरीं असे ती सवारीसाठीं. आज ती वरातीसाठीं, शर्यतीसाठीं किंवा निव्वळ हौसेसाठीं घेतात. पण घेतल्यावर एकदोन वर्षांनीं ‘हिच्यापासून एक शिंगरूं मिळावें’ अशी इच्छा बहुतेकांस होतेच. चांगल्या कुळाचा वळू घोडा प्रत्येकाच्या दारीं असणें शक्य नाहीं. तेव्हां घोडी त्याच्या दारीं न्यावी लागते, आणि तेथें तिला कांहीं दिवस ठेवावी लागते.

पहूर हें जामनेर तालुक्यांतील, जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गांव. तेथील एक एकत्र कुटुंब आमच्या जुन्या परिचयाचें आहे; घरांतील दोघे बंधु आमच्या हाताखालीं शिकले. चार भाऊ, एक चूल, कपाशीची शेती आणि वर वृद्ध मातोश्री, असा हा संसार. धाकट्या बंधूंच्या हौसेनें सारंगखेड्याहून एक कुमैत घोडी आली आणि पाहतां पाहतां घरची लेंक होऊन बसली. तिला शिंगरूं व्हावें म्हणून थोरल्या बंधूंनीं, सर्वांस विचारून, ती फाल्गुनांत परजिल्ह्यांतील एका अश्वपालकाच्या पागेंत पोंचविली. लेखी कांहीं नव्हतें; मनुष्य ओळखीचा, शब्दावर भरंवसा. बाराव्या दिवशीं निरोप आला, “घोडी राहिली, घेऊन जा.” घोड्याची फी आणि बारा दिवसांची खावटी चुकती करून घोडी घरीं आणली.

पुढें अकरा महिने तिची बडदास्त गाभणीची झाली. चंदी वाढली, सवारी बंद झाली, मातोश्रींनीं नवस बोलला. माघ उलटला तरी कांस भरेना, तेव्हां पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं तपासून सांगितलें, पोटीं कांहीं नाहीं. अश्वपालकास विचारतां तो म्हणाला, “माझ्याकडून राहूनच गेली होती, तुमच्या घरीं गर्भ पडला असेल.” यास उत्तर देतां येईना; कारण गर्भ राहिल्याचा पुरावा नव्हता आणि पडल्याचाही नव्हता. खर्च समाईक होता. मधल्या बंधूंनीं थोरल्यांस हिशेब विचारला, थोरल्यांनीं धाकट्यांच्या हौसेवर बोट ठेविलें, आणि ज्या घरांत वाटणीचा शब्द कधीं निघाला नव्हता तेथें तो या मुक्या जनावराच्या निमित्तानें प्रथम निघाला. हें आम्हांस कळलें तेव्हां पैशापेक्षां या शेवटच्या गोष्टीचें वाईट अधिक वाटलें.

यांत दोष कोणाच्या दुष्टपणाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. घोडीचा देहधर्म न जाणतां केलेला व्यवहार असाच फसतो. म्हणून तो देहधर्म थोडक्यांत सांगतों.

घोडी वर्षभर माजावर येत नाहीं. दिवस मोठे होऊं लागले म्हणजे तिचा ऋतु सुरू होतो; आपल्याकडे फाल्गुनापासून उन्हाळा संपेपर्यंतचा काळ यास उत्तम. सुमारें एकवीस दिवसांनीं माज फिरून येतो व पांच ते सात दिवस टिकतो. गंमत अशी कीं, बीज बहुधा माजाच्या शेवटच्या एकदोन दिवसांत सुटतें. म्हणून पहिल्याच दिवशीं एकदां घोडा लावून मोकळें होणें हें पुष्कळदां व्यर्थ जातें. जाणते लोक एक दिवसाआड घोडा लावितात, किंवा पशुवैद्याकडून बीज तपासून दिवस ठरवितात. शिवाय, जवळ घोडा नसला तर कित्येक घोड्या माजाचें लक्षणच दाखवीत नाहींत. मोठ्या अश्वशाळांत याचसाठीं एक वेगळा घोडा बाळगतात. तो केवळ कुंपणापलीकडून घोडीस दाखवावयाचा, आणि तिच्या वागण्यावरून तिची अवस्था ओळखावयाची. पहूरच्या घोडीस घरीं येऊन माज आला असेलही. पण तेथें तो ओळखणारा घोडा नव्हता आणि मनुष्यही नव्हता.

आतां बाराव्या दिवसाच्या निरोपाविषयीं. घोडी राहिली कीं नाहीं हें सोनोग्राफीनें खात्रीपूर्वक दिसतें तें चौदाव्या ते सोळाव्या दिवसाच्या सुमारास. त्यापूर्वींचा निरोप म्हणजे केवळ अंदाज. याच तपासणींत दुसरीही एक महत्त्वाची गोष्ट कळते. ती म्हणजे जुळें. गायीम्हशींस जुळें झालें तर तें कौतुकाचें होतें, पण घोडीस जुळें म्हणजे संकट. तिच्या गर्भाशयांत दोन जीवांस पुरेसें पोषण मिळत नाहीं. बहुधा दोन्ही जातात आणि कधीं आईही धोक्यांत येते. जुळें पंधराव्या-सोळाव्या दिवशीं दिसलें तर पशुवैद्य त्यांतील एक बीज हातानेंच नाहींसें करूं शकतो. पुढें तें काम अवघड होतें. सुमारें महिन्यानें दुसरी तपासणी करून गर्भाचें हृदय चालतें कीं नाहीं हें पाहावें. म्हणजे एका माजांत राहिली तरी घोडी पागेंत सहा आठवडे असणें इष्ट, आणि न राहिली तर दुसरा माज तेथेंच साधतो. ‘आठ दिवसांत काम’ असें जो सांगतो त्याजपाशीं घोडी ठेवूं नये.

गर्भाची मुदत अकरा महिन्यांची. सरासरीनें सुमारें ३४० दिवस, पण वीस दिवस अलीकडे किंवा पंचवीस दिवस पलीकडे गेले म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. तेव्हांच चंदी वाढवावी, आरंभापासून नव्हे. घोडी वळू घोड्याच्या पागेंतच विणार असली तर तिला आयत्या वेळीं न नेतां निदान महिना-दीड महिना आधीं नेऊन ठेवावी. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. घोडीच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें पोटांतल्या शिंगरास पोंचत नाहींत. तीं त्यास जन्मानंतर पहिल्या चिकांतूनच मिळतात. आणि त्या चिकांत कोणत्या रोगांचा प्रतिकार असावा हें घोडी ज्या ठाणांत राहिली, जेथील धूळ तिनें हुंगली, त्यावर ठरतें. आपल्याकडे लेंकीस बाळंतपणासाठीं माहेरीं दोन महिने आधीं आणतात. घोडीच्या बाबतींत त्या रीतीस शरीरशास्त्राचाही आधार आहे. धनुर्वाताची लसही विण्यापूर्वीं चार ते सहा आठवडे टोंचून घ्यावी, म्हणजे तिचा गुण चिकांत उतरतो.

हा विचार आपल्या पूर्वजांस नवा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांची नोंद करतांना तो कोणत्या वाटेनें आला हें लिहावें असें तेथें सांगितलें आहे: विक्रीसाठीं आलेला, विकत घेतलेला, युद्धांत मिळालेला, घरीं जन्मलेला, साहाय्यार्थ आलेला, तारण म्हणून राहिलेला, आणि ‘यावत्कालिक’, म्हणजे ठराविक काळापुरता ठेविलेला. परक्याची घोडी पागेंत ठेवून घेणें हा व्यवहार इतका जुना आहे, आणि त्याचा रकाना वेगळा ठेवावा ही जाणीवही तितकीच जुनी. त्या नोंदींत कुल, वय, वर्ण, चिन्हें, वर्ग आणि आगम इतक्या गोष्टी याव्यात. घोड्या, वळू व शिंगरें यांचीं ठाणें निरनिराळीं असावींत, व्यालेल्या घोडीस तीन रात्री तूप द्यावें, पुढें दहा रात्री सातू व स्निग्ध औषधें द्यावींत, शिंगरास सहा महिन्यांपर्यंत दूध द्यावें, असा तपशील पुढें येतो. तुपाचा आग्रह आजचा पशुवैद्य धरणार नाहीं. पण शिंगराचें दूध तोडण्याचा काळ तो आजही पांच-सहा महिन्यांचाच सांगतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत स्वामी आणि पशुपाल यांच्या वादाचें प्रकरण आहे. दिवसा जनावराची जोखीम पाळणाऱ्यावर आणि रात्रीं, तें धन्याच्या घरीं पोंचलें असल्यास, धन्यावर. घरीं पोंचलें नसल्यास रात्रींचीही जोखीम पाळणाऱ्यावरच. पाळणाऱ्याच्या हयगयीनें जनावर गेलें तर त्यानें तें भरून द्यावें. चोरांनीं बळानें नेलें आणि त्यानें वेळीं वर्दी दिली तर त्याजवर दोष नाहीं. जनावर मेलें तर त्यानें कान, कातडें इत्यादि धन्यास आणून दाखवावेत. आज कातडें कोणी मागत नाहीं. त्याजागीं पशुवैद्याचा शवपरीक्षेचा दाखला मागावा. तत्त्व तेंच: ज्याच्या हातीं जनावर, त्यानेंच काय घडलें तें दाखवून द्यावयाचें.

आपला प्रचलित कायदाही याहून फारसा निराळा नाहीं. १८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही लागू आहे, आणि त्यांत दुसऱ्याच्या ताब्यांत सोंपविलेल्या मालाविषयीं कलमें आहेत. सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल तितकी सांभाळणाऱ्यानें घ्यावी (कलम १५१). तितकी घेऊनही नुकसान झालें, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नाहीं (कलम १५२). उलट, वस्तु देणाऱ्यानेंही आपल्याला ठाऊक असलेला दोष लपवूं नये (कलम १५०). येथें कायद्यानें उदाहरणच दिलें आहे तें खट्याळ घोड्याचें. घोडा खट्याळ आहे हें न सांगतां तो दुसऱ्यास वापरावयास दिला व घेणारा पडून जखमी झाला, तर नुकसानी देणाऱ्यानें भरावी. तेव्हां आपली घोडी लाथ मारते, मागें एकदां गाभडली आहे, किंवा तिला पोटशूळाची खोड आहे, हें पागेंत सोडतांनाच सांगणें हें धन्याचें कर्तव्य आहे. आणि कलम १६३ तर आमच्या विषयासाठींच लिहिलें असें वाटतें: ठेविलेल्या जनावरास झालेली वाढ धन्याची. कायद्यांतील उदाहरण गायीचें आहे. गाय सांभाळावयास दिली, तिला वासरूं झालें, तर गायीबरोबर वासरूंही परत केलें पाहिजे. मात्र ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द तेथें आहेत, ते विसरूं नये. आपल्या खेड्यांत जनावर निमे वाट्यानें संगोपनास देण्याची चाल आहे. तींत पिलाचा वाटा ठरलेला असतो. खावटी देऊन ठेवणें आणि वाट्यानें देणें या दोन गोष्टी बोलण्यांत एकमेकींत मिसळल्या कीं शिंगराच्या जन्मापूर्वींच त्याचे दोन धनी तयार होतात.

म्हणून कागद करावा. तो वकिली थाटाचा असण्याची गरज नाहीं. वहीच्या एका पानावर दोघांच्या सह्या पुरेत. त्यांत इतकें असावें: (१) घोडीचें वर्णन, वय, खुणा, छायाचित्र व तिचे ठाऊक असलेले दोष, (२) वळू घोड्याचें नांव, कुल व त्याची फी, (३) रोजची खावटी किती, तींत चंदी, वैरण, खरारा, नालबंदी, औषध यांपैकीं काय येतें व काय येत नाहीं, (४) पहिली तपासणी कोणत्या दिवशीं, कोणता पशुवैद्य करील, आणि दाखला कोणाच्या हातीं पडेल, (५) घोडी न राहिल्यास पुढचा माज विनाफी मिळेल काय, आणि शिंगरूं मेलेलें जन्मल्यास काय, (६) रात्रीं-अपरात्रीं आजार झाल्यास धन्यास न विचारतां किती खर्चापर्यंत उपचार करावेत, (७) शिंगरूं कोणाचें. शेवटच्या बाबतींत संशय नसला तरी लिहावें. शिवाय पागेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं दोन्हीं बाजूंच्या जनावरांच्या रक्ताची तपासणी व्हावी. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग मनुष्यासही होतो व त्यावर दयामाया नसते; सर्रा हा माश्यांच्या चाव्यानें एका घोड्याचा दुसऱ्यास होतो. सारंगखेड्यास मार्गशीर्षांत घोडी घेणाऱ्यानें तर आणखी एक करावें: ती आधींच गाभण नाहीं ना, हें प्रथम पाहून घ्यावें, मग फाल्गुनापर्यंत तिला नव्या पाण्याची व वैरणीची संवय होऊं द्यावी.

घोडी प्रत्यक्ष न्यावी लागणें हें सर्वत्र अपरिहार्य आहे असें नाहीं. शर्यतीच्या थरोब्रेड जातींत मात्र तें आहे. कृत्रिम रेतनानें झालेलें शिंगरूं त्या जातीच्या नोंदवहींत घेतच नाहींत, हा जगभरचा दंडक आहे. त्यामुळें पुण्याच्या आसपासच्या अश्वशाळांत (पूनावाला घराण्याची १९४६ पासूनची त्यांतलीच) परक्या घोड्या ठेवून घेणें हा नित्याचा भाग आहे. भारतीय नोंदवहीची कचेरीही पुण्यासच आहे. आपल्याकडे या जातीच्या शिंगरांचें वय १ जानेवारीपासून मोजतात; म्हणून वर्षारंभाच्या जितकें जवळ शिंगरूं होईल तितकें बरें, आणि त्यासाठीं कित्येक ठिकाणीं हिंवाळ्यांत पागेंत दिवे लावून घोडीस दिवस मोठा झाल्याचा भास करून देतात. देशी जातींस तो दंडक नाहीं. बिकानेर येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या शाखेंत २०२३ सालीं एका मारवाडी घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या उदरांत वाढवून शिंगरूं जन्मास आणलें. तेथें तर परक्या पागेच्या जागीं परकें उदरच आलें. शास्त्र पुढें जाईल तसा ठेवीचा हा प्रश्न सुटणार नाहीं. तो अधिक बारीक होईल. मराठी स्वाऱ्यांचें भीमथडी तट्टू अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदींत आलें, हें ऐकून आम्हांस आनंद झाला. पण ती जात राखणें हें कोण्या कचेरीचें काम नसून घरोघरच्या वहींत आईबापांचीं नांवें खरीं लिहिण्याचें काम आहे.

पहूरच्या कुटुंबानें त्याच वर्षीं घोडी पुनः पाठविली, पण दुसऱ्या ठिकाणीं, आणि वरच्या प्रकारचा कागद करून. थोरल्या सूनबाईंनीं वही घातली. तींत घोडी गेल्याची तारीख, प्रत्येक निरोप, प्रत्येक पैसा टिपला. पंधराव्या दिवशींच्या तपासणींत जुळें निघालें. पशुवैद्यांनीं तत्काळ एक बीज दूर केलें; महिन्यानें दुसऱ्याचें हृदय चालतांना दिसलें, आणि दोन महिन्यांनीं दाखल्यासह घोडी घरीं आली. पुढच्या फाल्गुनांत आंचळांवर मेणासारखे थेंब दिसूं लागतांच सूनबाई व धाकटे बंधु रात्रीं आळीपाळीनें जागूं लागले. घोड्या बहुधा रात्रींच वितात. तिसऱ्या रात्रीं अर्ध्या तासाच्या आंत प्रसूति झाली: आधीं दोन पुढचे पाय, त्यांवर टेकलेलें नाक, अशी नीट रीतीनें. शिंगरूं एका तासांत उभें राहावें, दोन तासांत प्यावें, तीन तासांत वार पडावी, हा जाणत्यांचा ठोकताळा. वार ओढूं नये, तीन तास उलटल्यास पशुवैद्यांस बोलवावें. येथें तिन्ही गोष्टी वेळेवर झाल्या. नाळेस औषध लावलें, चीक पोटांत गेला, आणि पहांटे मातोश्रींनीं येऊन शिंगराच्या कपाळावरून हात फिरविला. मादी झाली होती.

वाटणीचा शब्द त्या घरांत पुनः निघाला नाहीं, असें आम्हांस सांगण्यांत आलें. त्याचें श्रेय शिंगरास द्यावें कीं वहीस, हें ज्याचें त्यानें ठरवावें. इतकें खरें कीं, मागच्या खेपेस चौघे भाऊ एकमेकांस प्रश्न विचारीत होते, आणि या खेपेस उत्तरें लिहून ठेविलेलीं होतीं. ओळखीच्या मनुष्याकडून कागद करून घेणें हा अविश्वास नव्हे. आपली घोडी बोलत नाहीं. तिच्या वतीनें कोणीतरी लिहून ठेवलें पाहिजे, आणि तें ती पागेंत शिरण्यापूर्वीं.